रांजणाच्या बुडातली धग

“उत्तर आलं म्हणून हुरळून जायचं नाही. टप्पा निम्मा करायचा आणि पुन्हा सोडवायचं. दोन्ही उत्तरं जुळली, तरच विसंबायचं.”

संगणकाच्या वर्गातल्या बाईंचं हे सांगणं वहिनीला आठवलं ते चहाचे कप विसळताना, आणि तिचा हात जागीच थांबला. सकाळीच तर तिने धाकट्या दिराला छातीठोक सांगितलं होतं, “भाऊजी, संध्याकाळी सहाला उघडा भट्टी.”

दीर मातीची मोठी भांडी घडवायचा. कमरेएवढा रांजण भट्टीत निवत होता. आधीचे दोन बाहेरचं वारं लागताच तडकले होते. भट्टीचा काटा आतल्या हवेचा ताप दाखवी. जाड बुडातली धग त्याला कळत नसे. ती कधी निवेल, हे वहिनीने संगणकावर गणित मांडून काढलं होतं. दीर दर चार तासांनी काटा टिपायचा, म्हणून तिनेही चार-चार तासांचे टप्पे धरले. पन्नाशीला टेकल्यावर ती हे शिकत होती. रोज एक गणित सुटल्याशिवाय जेवायचं नाही, असा तिचा नेम. उत्तर दशांशापुढे सहा आकडे मिरवत आलं आणि ती भुलली.

“वहिनी, तुमच्या यंत्राला चटका बसला तर फुंकर कोण घालणार?” दिराने चिडवलं होतं.

“तुम्हीच. दुसरं काय काम आहे तुम्हाला?”

तो हसला, पण लगेच म्हणाला, “हाही गेला ना, तर चाकाला पुन्हा हात लावायचा नाही मी.”

“उत्तर बदललं तर मी स्वतः येऊन सांगेन. शब्द देते.”

आता हात पुसून ती संगणकापुढे बसली. टप्पा निम्मा केला. रात्रीचे नऊ आले. आणखी निम्मा केला, साडेदहा. आणखी निम्मा, सव्वाअकरा. उत्तर मध्यरात्रीकडे सरकत होतं. तिला चूक उमगली. तापलेली माती आधी झपाट्याने निवते, मग रेंगाळते. तिने मात्र प्रत्येक टप्प्याच्या आरंभीचा वेगच चारही तास धरला होता.

साडेपाच होऊन गेले होते. भट्टीपाशी दीर फोन घेत नसे.

“आता कुठे निघालीस?” नवऱ्याने पेपरामागून विचारलं.

“भट्टीवर. उद्या सकाळपर्यंत उघडू नका म्हणून सांगायला.”

“अगं, सकाळी एवढ्या तोऱ्यात सांगितलंस! जन्मभर चिडवेल तो.”

“चिडवू दे.”

तिने चपला पायांत सरकवल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि भरभर भट्टीच्या रस्त्याला लागली.