दुसऱ्याच्या घराची वास्तुशांत

काकासाहेबांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला अर्धे देवळाली प्रवरा लोटले होते. गहिनीनाथ मिस्त्रीला भर मांडवात फेटा बांधून टॉवेल आणि नारळ दिला गेला. बंगल्याचा आराखडा काढणारी आर्किटेक्ट अश्विनी मागच्या रांगेत बसली होती. शेजारी तिच्या भावाची मुलगी राजनंदिनी.

"नकाशा माज्या डोक्यातच हुता," काकासाहेब माईकवर म्हणाले. "म्याडमनी फकस्त कागदावर उतरवला!"

मांडव हसला. अश्विनीही हसली. एवढ्या वर्षांच्या व्यवसायात हे हसणे तिने चांगले कमावले होते.

राजनंदिनीला आर्किटेक्ट व्हायचे होते. प्रवेशाचा निर्णय उद्यावर येऊन ठेपला होता आणि "आत्या म्हणेल तसं" असे तिने घरी सांगून टाकले होते. अश्विनीने लग्न केले नव्हते. कोपरगावच्या कार्यालयात तिचे दिवसभराचे बोलणे सिमेंटवाल्याशी आणि सेंट्रिंगवाल्याशी. ही पोर शिकून आपल्या हाताखाली आली, तर दुपारी डबा खाताना समोर माणूस असेल, एवढाच लोभ तिने धरला होता. लोभ लहान असला म्हणून तो लोभ राहत नाही, असे थोडेच आहे?

पंगत उठल्यावर दोघी स्वयंपाकघरात गेल्या. काकासाहेबांच्या आई झुंबरबाई खिडकीपाशी, बुटक्या ओट्यासमोर बसून स्वतःपुरती बाजरीची भाकरी थापत होत्या. त्यांना गुडघ्यांमुळे उभे राहवत नसे. म्हणून अश्विनीने हा ओटा काकासाहेबांशी भांडून करून घेतला होता.

"तू कोनाची गं?" म्हातारीने अश्विनीला विचारले.

"पाहुणी आहे, आजी. ओटा बरा झालाय ना?"

"बरा? अगं, बसल्या बसल्या समदा रस्ता दिसतो! सून म्हनती, आता घराला शीशीटीव्ही नको." म्हातारी खदखदून हसली. "मिस्त्री लई गुनाचा!"

राजनंदिनीच्या ओठांवर आलेला शब्द आत्याने नजरेनेच अडवला.

गाडीत बसताच पोर उसळली. "सांगायचं होतंस, आत्या!"

"कशाला? त्यांना ओटा हवा होता, मी नव्हे."

"मग मी हे शिकू की नको?"

म्हातारीचे हसू अजून कानांत होते. तेवढेच पुढे केले असते, तर पोर हाती लागली असती. परंतु अर्धे सांगून माणूस जोडणे अश्विनीच्या रक्तात नव्हते.

"शीक. आपण ओढलेल्या रेषेत माणसं राहायला येतात, यासारखं दुसरं सुख नाही. पण मालक, त्याचा मेहुणा आणि ज्योतिषी यांचं ऐकता ऐकता चांगल्या खिडकीची भिंत होते. घर उभं राहिलं की आपण परक्या. आणि माझ्यासारखी एकटी बसलीस, तर हे बोलायलाही कुणी नसतं. म्हणून दहाजण मिळून काम करतात तिथं जा. इकडे परतू नकोस."

"तुझ्याकडेही नको?"

"माझ्याकडे तर मुळीच नको."

कोल्हारला भावाचे घर येताच राजनंदिनी उतरली आणि चपला न काढताच आत धावली. "आई, आत्या हो म्हणाली!" आत एकच गलका उठला. वहिनींनी दारातून चहाला हाक मारली.

"नको, उशीर होतोय," अश्विनी म्हणाली.

कशाला उशीर होतोय, हे तिला कुणी विचारले नाही.