ढिला दोर

रविवारपासून चष्मेवाल्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसभर दुकानात समोरच्याला "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" असं विचारणारा हा माणूस. बुधवारी त्याने एका बाईंची उजवी काच डावीकडे बसवून दिली आणि त्या दुकानाच्या तीन पायऱ्यांवर तीनदा अडखळल्या, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. घराच्या दाराला कडी घातली की तो ती दोनदा हलवून बघायचा. बुटाची नाडी बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा.

"कुठे लग्नबिग्न जमवलंयस का?" आईने विचारलं.

"याला कोण मुलगी देतंय," धाकटी म्हणाली. "नाडी बांधेपर्यंत वऱ्हाड घरी परत जाईल."

धाकटी म्हणजे त्याची बहीण, एकोणीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली. तिची परीक्षा संपली होती आणि या रविवारी ती पहिल्यांदाच दादाच्या कंपूबरोबर कड्यावर चढायला येणार होती. सगळं दुखणं तिथेच होतं.

उन्हाळा लागला की तिघा मित्रांचा रविवार ठरलेला. उजाडलं की जाड टायरच्या सायकली काढायच्या, दगडमातीच्या वाटेने धापा टाकत कडा गाठायचा, ऊन तापायच्या आत दोन-तीनदा चढून घ्यायचं आणि मग उताराने सुसाट घरी. तिघे म्हणजे चष्मेवाला, गणिताचा मास्तर आणि लिफ्टवाली. लिफ्टवाली उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची. दोर, वजन आणि ब्रेक या तीन गोष्टींत तिचा शब्द शेवटचा. बाकी गोष्टींतही ती तो शेवटचाच ठेवायची, पण ते सोडा.

चढण्याची रीत साधी होती. दोर माथ्यावरच्या कडीतून खाली आलेला. त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला, दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. चढणारा वर सरकेल तसा खालचा माणूस दोर ओढून घट्ट ठेवतो, म्हणजे हात सुटलाच तर वरचा फूटभर घसरून लोंबत राहतो. सगळी भिस्त कमरेच्या गाठीवर. दोराला आधी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारायची, उरलेलं टोक पट्ट्यातून ओवायचं आणि त्याच गाठीच्या वळणावळणाने परत फिरवायचं. ओवलं पण फिरवलं नाही, तर ती गाठ नुसती शोभेची. म्हणून लिफ्टवालीनेच नियम केला होता: चढण्याआधी दुसऱ्याने गाठीवर हात ठेवायचा आणि "पक्की" म्हणायचं. नुसतं बघून भागत नाही, हात ठेवायचा.

मागच्या रविवारी चष्मेवाल्याने टोक ओवलं आणि तेवढ्यात मास्तरने हाक मारली. त्याचं मागचं चाक बसलं होतं आणि पंक्चरचं सामान चष्मेवाल्याच्या पिशवीत. तो उठला, सामान दिलं, दोन टोमणे मारले, परत आला आणि सरळ कड्याला हात घातला. "पक्की?" त्याने विचारलं. लिफ्टवाली दहा पावलांवर दोराचा गुंता सोडवत होती, तोंडात अर्धं केळं. "पक्की," ती तिथूनच म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणतात ना, तसं.

खाली दोर तिच्याच हातात होता. अर्ध्यावर त्याचे पाय लटपटायला लागले. "दोर ताण," तो ओरडला. दोर ढिलाच. दुसऱ्यांदा ओरडला, तिसऱ्यांदा ओरडला. खालून उत्तर नाही. दात-ओठ खात तो वरच्या रुंद कपारीवर पोचला. आता नेहमीसारखं दोरावर मागे रेलायचं आणि खाली सोडायला सांगायचं, एवढंच उरलं होतं. रेलायच्या आधी त्याने सहज कमरेकडे पाहिलं. दोराचं टोक पट्ट्यातून नुसतं लोंबत होतं.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनीच आठवत होतं. एका झाडाची मुळी धरून तो माथ्यावर सरपटत गेला आणि मागच्या पायवाटेने चालत उतरला. "पायात गोळा आला," एवढंच तो खाली आल्यावर म्हणाला. कुणी काही विचारलं नाही.

सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं, गाठ अर्धी ठेवणारा तोच होता. ते जमेना, म्हणून आठवडाभर तो लिफ्टवालीचे गुन्हे घोकत बसला. एक, न बघता पक्की म्हणाली. दोन, तीनदा ओरडूनही दोर ताणला नाही, गप्पांत रमली असणार. आणि रविवारी धाकटीचा दोर हीच धरणार. धाकटीने घरात आधीच जाहीर केलं होतं, "ताईच धरणार माझा दोर, दादा नको, दादाला समोरचा खांब दिसत नाही." रोज सकाळी तो बेत रद्द करायचं ठरवायचा आणि रोज धाकटी नवे बूट घालून घरभर हिंडायची. तोंड उघडायची त्याची हिंमत होईना.

रविवारी तो सायकलवर भूत मागे लागल्यासारखा सुटला. खडीच्या वळणावर मागचं चाक सरकलं, हातभर अंतराने वाचला, नाही तर झुडपातच गेला असता. मागून धाकटी खिदळली. लिफ्टवाली मात्र हसली नाही. एरवी चढावर सुद्धा तोंड चालू ठेवणारी ही बाई आज वाटभर गप्प होती, हेही त्याने मनातल्या यादीत टिपून ठेवलं. तिचं मन तिला खात असेल, असं त्याला क्षणभर वाटलं आणि मग पटलं नाही.

कड्याखाली धाकटीने कमरपट्टा चढवला, गाठ मारली, टोक ओवलं, फिरवलं. लिफ्टवाली दोर घेऊन पुढे आली आणि गाठीकडे हात नेला.

"थांब," चष्मेवाला म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून मोठा निघाला. "तिची गाठ मी बघतो. तू बघत नाहीस."

मास्तरने तोंडाशी नेलेली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"मागच्या रविवारी माझं टोक नुसतं ओवलेलं होतं. चूक माझी, मान्य. पण तू लांबून पक्की म्हणालीस. वर गेल्यावर कळलं मला. आणि तीनदा ओरडलो दोर ताण म्हणून, तुझं लक्ष नव्हतं."

लिफ्टवाली खाली दगडावर बसली.

"लक्ष होतं," ती म्हणाली. "तू अर्ध्यावर गेलास तेव्हा दिसलं मला. टोक लोंबत होतं. मी दोर ताणला असता ना, तर ते पट्ट्यातून सुळकन निघून आलं असतं माझ्या हातात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं असतंस? दोन्ही हात कड्याला. खाली बघितलं असतंस आणि पाय गळाले असते. वर रुंद कपार होती. म्हटलं, याला तिथे पोचू दे. तू दोर ताण म्हणून ओरडत होतास आणि मी हात घट्ट मिटून उभी होते, चुकून ओढला जाईल म्हणून."

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर तू म्हणालास पायात गोळा आला. मला वाटलं, याला कळलंच नाही. मग माझं तोंड उघडेना. नियम माझा, मोडला मीच. आठवडाभर एकेक नट चार-चारदा आवळतेय. साहेब म्हणाले, बाई, बरं नाही का तुम्हाला." तिने दोर त्याच्यापुढे केला. "हिचा दोर तू धर. मला नको."

त्याला दोर घेववेना. ज्या ढिल्या दोरावर तो सात दिवस दात खात होता, त्यानेच त्याला जिवंत घरी धाडलं होतं. त्याला लाज वाटली, आणि सात दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरा हललं.

"दादा," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "हे सगळं तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी मला इथवर आणलंस. दोर ताई धरणार हे माहीत असून. एक शब्द न बोलता."

लिफ्टवालीच्या गुन्ह्यांची यादी करताना हा स्वतःचा गुन्हा त्याच्या हिशेबातच आला नव्हता.

धाकटीने कड्याकडे पाहिलं. आता सायकल उचलून घरी जाईल आणि आईला सगळं सांगेल, असं त्याला वाटलं. पण तिने गाठ पूर्ण सोडली आणि पहिल्यापासून बांधायला घेतली, सावकाश, एकेक वळण बोटाने दाबत. नाडीवरून दादाची टर उडवणारी हीच ती.

"दोर ताईच धरेल," ती म्हणाली. "पण आधी सगळ्यांनी हात ठेवा. मास्तर, तुम्हीसुद्धा. जवळ या."

तिघांनी हात ठेवला. चष्मेवाल्याने वळणं बोटाने मोजली, टोक कुठे फिरलं ते चाचपलं, आणि "पक्की" म्हणाला. लिफ्टवालीचा हात सगळ्यात शेवटपर्यंत गाठीवर होता. तिने शब्द उच्चारला तो इतका हळू की धाकटीने तिला पुन्हा म्हणायला लावलं.

धाकटी चढू लागली. दोन माणसांच्या उंचीपर्यंत ती बडबडत गेली, मग गप्प झाली. बरोबर अर्ध्यावर, जिथे मागच्या रविवारी दादाचे पाय लटपटले होते, तिचा डावा पाय थरथरायला लागला.

"ताई, दोर ढिला वाटतोय," ती वरून म्हणाली. "ताण ना."

लिफ्टवालीचे हात जागच्या जागी थिजले. तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्याने मान वर करून धाकटीच्या कमरेकडे पाहिलं, नीट पाहिलं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघतो तसं.

"ताण," तो म्हणाला. "मला दिसतेय गाठ."

तिने दोर ओढला. तो सरळ ताठ झाला आणि वर धाकटीचा पाय थरथरायचा थांबला.