गेट नवं, कॉम्प्रेसर जुना

रविवारच्या प्रयोगात मागच्या रांगांतून पुन्हा पुन्हा "आवाज!" अशी ओरड झाली. शेवटी स्टेजवरचा म्हातारा नट वाक्य अर्ध्यावर टाकून गप्प उभा राहिला. मिक्सरवर बसलेल्या केबलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

केबल हे त्याचं टोपणनाव. नवराबायकोचा मिळून साऊंडचा धंदा होता. पेट्या उचलणं, वायरी टाकणं, नटांच्या कॉलरला माईक लावणं हे त्याचं काम, आणि मिक्सरवर बसून आवाज जुळवणं हे तिचं. "पाठ तुझी, कान माझे," असं ती म्हणायची. थंडी सुरू होताना ती आजारी पडली आणि थंडी संपायच्या आत गेली. पाठ उरली, कान गेले. तेव्हापासून तिच्या खुर्चीत तोच बसत होता, कारण दुसरं कुणी तिथे बसलेलं त्याला बघवलं नसतं.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"केबल, आमचा म्हातारा आधीच पुटपुटतो, त्यात त्याच्या वाक्यांची शेपटं गायब होतात. आणि दुसऱ्या अंकात तो किंचाळतो तेव्हा पुढच्या रांगेतले लोक कानात बोटं घालतात."

"बघतो मी."

"शुक्रवारी तालीम आहे. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर मिक्सरवर दुसरा माणूस बसवतो. तुला काढत नाहीये रे. तू माईक-वायरी बघ, त्यात तुझा हात धरणारा कुणी नाही."

"मिक्सरवर मीच बसणार," केबल म्हणाला.

"शुक्रवारी बोलू."

दोष कुठे आहे ते केबलला पक्कं ठाऊक होतं. मिक्सरशेजारी गुडघ्याएवढं लोखंडी कपाट होतं, रॅक म्हणायचे त्याला. त्यात दोन यंत्रं स्क्रूने बसवलेली होती. वरचं गेट. गेट म्हणजे माईकच्या तोंडाशी बसलेला दारवान. कुणी बोललं की दार उघडायचं, गप्प झालं की लावायचं, म्हणजे स्टेजवरच्या दिव्यांतल्या पंख्यांची घरघर लोकांपर्यंत जात नाही. पण दारवान कडक असला की हळू बोलणाऱ्यालाही आत घेत नाही. खालचं यंत्र कॉम्प्रेसर. आवाज एकदम उसळला की हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला खाली बसवतो. मात्र किती उसळल्यावर हात ठेवायचा ते त्याला आधी सांगावं लागतं.

तिने ते शेवटचं सांगितलं होतं एका विनोदी नाटकासाठी. त्यातला नट "पाणी दे" म्हणाला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. त्याच्या मानाने या म्हाताऱ्याचं बोलणं गेटला बोलणं वाटत नव्हतं आणि त्याची किंकाळी कॉम्प्रेसरला किंकाळी वाटत नव्हती. बटणं फिरवायला हवी होती, आणि तेवढंच केबल करत नव्हता. ती गेल्यावर त्याने दोन्ही यंत्रांच्या बटणांवर चिकटपट्टी लावून टाकली होती. कुणाचा धक्का लागू नये म्हणून, असं तो सांगायचा. धक्का लावणारं दुसरं कुणी नव्हतंच.

म्हणून त्याने ठरवलं की गेट आणि कॉम्प्रेसर दोन्ही नवे घ्यायचे. जुना रॅक घरात राहील, जसा आहे तसा.

दुकानात काय घडतं ते त्याने पाहिलेलं होतं. दुकानदार ढोलताशाचं गाणं लावतो आणि त्यावर कुठलंही यंत्र झकास वाजतं. त्याला हवा होता असा गळा, जो पुटपुटता पुटपुटता एकदम कडाडेल. असा गळा त्याच्या घरातच होता. सासूबाई लेकीच्या आजारपणात आल्या होत्या. लेक गेल्यावर त्यांनी परत जायचं नाव काढलं नाही, आणि त्यानेही काढलं नाही.

"आई, उद्या माझ्याबरोबर दुकानात याल का?"

"कशाला?"

"बोलायला."

"घरात बोलते ते तुमच्या कानात शिरत नाही, दुकानात शिरेल?"

"तेच तपासायचंय."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "येते. पण मला बसायला पाठीची खुर्ची लागेल, आत्ताच सांगून ठेवते."

पाठीची खुर्ची मिळाली. दुकानदाराने आपलीच दिली आणि स्वतः खोक्यावर टेकला. केबलने घरून आणलेला कॉलरमाईक सासूबाईंच्या पदराला लावला, वायर यंत्रात खोचली आणि हेडफोन कानांवर चढवले.

"बोला आजी, काहीही बोला," दुकानदार म्हणाला.

"आजी कुणाला म्हणता? तुमच्यापेक्षा थोडीच मोठी असेन. मावशी म्हणा."

पहिलं गेट स्वस्तातलं होतं. सासूबाईंना विषय द्यावा लागला नाही. "आमचे जावईबापू ओला टॉवेल गादीवर टाकतात. आंघोळ टॉवेलाची होते की यांची, देव जाणे. दिवा चालू ठेवून झोपतात..." त्या नेहमीप्रमाणे वाक्याच्या शेवटाला खाली खाली येत गेल्या, आणि हेडफोनमध्ये प्रत्येक वाक्याचं शेपूट कुणीतरी कात्रीने छाटल्यासारखं तुटत गेलं. शिवाय दार उघडता-मिटताना टक, टक असा आवाज.

"हे नको," केबल म्हणाला.

दुकानदाराने दिव्यांनी लखलखणारं दुसरं यंत्र काढलं. गेट आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकात. "हे स्वतःच सगळं ठरवतं. तुम्ही निवांत चहा प्या."

सासूबाई पुटपुटल्या. मग केबलने खुणावल्यावर त्या अशा कडाडल्या की रस्त्यावरचा माणूस थबकून आत बघू लागला. हेडफोनमध्ये मात्र पुटपुटणं आणि कडाडणं एकाच उंचीचं आलं, इस्त्री मारलेल्या कपड्यासारखं. केबलने हेडफोन त्यांच्या कानांना लावले आणि फोनमध्ये रेकॉर्ड केलेलं त्यांचंच बोलणं परत ऐकवलं.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "मी रागावलेय की वेळ विचारतेय, काही कळतच नाही. या वयात आता रागावण्याचीसुद्धा सोय नको?"

"पण मावशी, सध्या सगळे हेच घेतात."

"घेऊ देत. सगळ्यांच्या घरी मी नाहीये."

तिसरं गेट दिसायला अगदीच साधं होतं, दिवेही थोडे. पण त्याला एक जास्तीचं बटण होतं. दार मिटल्यावरही ते किती उघडं ठेवायचं हे त्यावर ठरवता यायचं. कडी घालण्याऐवजी दार नुसतं लोटून ठेवल्यासारखं. आणि मिटायचं तेही सावकाश. जुन्या गेटला हे मुळातच जमत नव्हतं. त्याचं दार एकतर सताड उघडं, नाहीतर घट्ट बंद.

सासूबाई एव्हाना टॉवेलावरून दूर गेल्या होत्या. माईक पदराला आहे हे विसरून त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "घरातल्या त्या यंत्रांना काय धाड भरलीय, ते काही हा माणूस सांगत नाही."

शेवटच्या शब्दापर्यंत सगळं हेडफोनमध्ये आलं. केबलने हेडफोन काढले.

"हे गेट घेतो," तो दुकानदाराला म्हणाला. "आता कॉम्प्रेसर दाखवा."

"जुन्या कॉम्प्रेसरला काय झालंय?" सासूबाईंनी या वेळी मोठ्याने विचारलं.

"काही नाही."

"बिघडलाय?"

"नाही."

"मग?"

दुकानदार खोक्यावर बसल्या बसल्या छताकडे बघू लागला.

"बटणं तिने लावलेली आहेत," केबल म्हणाला. "फिरवली की गेली."

सासूबाईंनी पदरावरचा माईक सरळ केला. मग म्हणाल्या, "माझ्या लेकीने आयुष्यात एक वस्तू जागेवर ठेवली नाही. मिठाची बरणी कधी खिडकीत, कधी कपाटात. त्या बटणांना तरी ती कधी एका जागी राहू द्यायची का? खरं सांगा."

केबलला खरं सांगावं लागलं. "नाही. प्रत्येक प्रयोगाला फिरवायची. एका प्रयोगात दहादा."

"मग तुम्ही जे जपताय ते तिचं नाही. ते त्या बोंबल्या नटाचं आहे."

दुकानदाराला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. केबलला हसू आलं नाही. ती बसलेली त्याला दिसली: एक हात मिक्सरवर, दुसरा रॅककडे, मान स्टेजकडे. हात कधी गप्प नसायचा. तिला तसं रोज बघितलेलं असून तो चिकटपट्टी लावून बसला होता.

"कॉम्प्रेसर राहू द्या," तो म्हणाला. "आमचा चांगला आहे. फक्त गेट बांधा."

त्याच दुपारी त्याने रॅक उघडला. जुनं गेट काढलं, नवं बसवलं, स्क्रू आवळले. मग कॉम्प्रेसरवरची चिकटपट्टी नखाने उचकटून ओढली. पट्टी निघताना चर्र आवाज झाला. एवढंच झालं. त्याने बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. सासूबाईंना समोर बसवून, त्यांचा घसा बसेपर्यंत, त्याने कान तयार केले. चुकलं की सासूबाईच सांगायच्या, "हे डब्यातून आल्यासारखं येतंय हो," आणि तो परत सुरुवातीपासून करायचा.

शुक्रवारी तालमीला म्हातारा नट मफलर गुंडाळून आला. त्याला सर्दी झाली होती. जे एरवी पुटपुटणं होतं ते आज नुसतं श्वासावर आलं. पहिल्याच प्रवेशात केबलच्या लक्षात आलं की घरी जुळवून आणलेलं सगळं सासूबाईंच्या गळ्याचं आहे, या गळ्याला ते चालणार नाही. गेटचा दिवा लुकलुकत होता आणि शब्द पुन्हा तुटू लागले होते.

तालीम थांबवता आली असती. त्याने थांबवली नाही. डावा हात मिक्सरवर ठेवून उजव्याने गेटचं दार आणखी उघडं केलं, मग आणखी. मिटायचा वेग कमी केला. यंत्रावरचे दिवे काय दाखवतात ते त्याने बघितलंच नाही, म्हाताऱ्याच्या ओठांकडे बघत राहिला. शब्द येऊ लागले, आणि शब्दांच्या मागून दिव्यांच्या पंख्यांची बारीक घरघरही.

किंकाळीचा प्रवेश आला. म्हातारा खुर्चीवरून उठायला लागला तसा केबलचा हात कॉम्प्रेसरवर गेला. किंकाळी आली. तिच्या डोक्यावर हात बसला, पण तोंड दाबलं गेलं नाही. म्हातारा रागावलाय हे कळत होतं आणि कान शाबूत होते.

अंक संपल्यावर दिग्दर्शक मिक्सरपाशी आला. "मागे घरघर ऐकू येतेय."

"येतेय."

"ती काढ."

"काढली तर शब्द जातील. आज त्याचा आवाजच तेवढा आहे. दोन्हींतलं एक निवडायचं होतं. मी शब्द निवडले."

"तो दुसरा माणूस बाहेर बसलाय, केबल. मी बोलावून ठेवलाय त्याला."

"बसू दे. तोही हेच निवडेल. नाही निवडलं, तर पुन्हा 'आवाज!' म्हणून ओरडतील, तेव्हा मी इथेच असेन."

दिग्दर्शकाने त्याच्याकडे बघितलं. मग तो थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि म्हाताऱ्याला तिथूनच म्हणाला, "शेवटचा प्रवेश परत घ्या. आहे त्याच आवाजात."

म्हाताऱ्याने घेतला. केबलचे हात चालू राहिले. प्रवेश संपल्यावर दिग्दर्शक उठला, पण मिक्सरकडे आला नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याच्या खोलीकडे वळला.

"अहो, ते पुढचे दोन दिवे बंद ठेवता येतील का?" त्याने दारातून विचारलं. "त्यांचे पंखे आमच्या साऊंडवाल्याला त्रास देतायत."

पुढचे दोन दिवे विझले. घरघर निम्म्यावर आली. केबलने गेटचं बटण हलकेच मागे घेतलं, ऐकलं, आणि आणखी थोडं मागे घेतलं.