बिनसहीच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. एका सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला घडवले आणि वाचनालयाच्या दाराशी ठोकले. माझ्यावर 'सूचना' असे लिहिले होते. पंखा कुरकुरतो, कादंबऱ्या वाढवा, वर्तमानपत्रातले कोडे कोणीतरी आधीच सोडवून ठेवते, असे सगळे मी वर्षानुवर्षे पोटात घातले.

मग बाजारात स्फोट झाला. अकरा माणसे गेली. लोकांची भीती खरी होती. सरकारी आदेश आला : कोणाचे वाचन, बोलणे टोकाचे वाटले तर कळवा, सहीची गरज नाही. माझ्यावर नवा कागद चिकटला, 'सावध राहा'.

एका वडिलांनी भरदिवसा स्वतःच्या मुलाबद्दल चिठ्ठी टाकली. खाली नाव, पत्ता लिहिला. "पोरगं हातचं जातंय. कुणीतरी बोला त्याच्याशी," असे ते ग्रंथपालबाईंना म्हणाले. समुपदेशक घरी जाऊ लागला आणि मुलगा सावरला. हे चांगले झाले, ते मी नाकारत नाही.

बाकीच्या चिठ्ठ्या बिनसहीच्या होत्या. त्यांतली एक एका परिचारिकेबद्दल होती : 'ही बाई रोज स्फोटांवरची पुस्तके वाचते.' दोन अधिकारी आले.

"ताई, नेहमीचीच चौकशी आहे."

"माझा धाकटा भाऊ त्या स्फोटात गेला," ती म्हणाली. "मारणारा माणूस असा का झाला, ते समजून घ्यायचंय मला."

चौकशीत काही निघाले नाही. पण तिच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. रुग्णालयाने तिला रुग्णांपासून काढून औषधांच्या कोठीत बसवले. तिने वाचनालयात येणे सोडले. शनिवारच्या चर्चेत लोक हवापाण्यावर बोलू लागले. निवडणुकीच्या सभेत एक उमेदवार गरजला, "एकट्या वाचनालयातून एकतीस संशयित!" त्या एकतीस चिठ्ठ्यांत तीन पंख्याबद्दल होत्या.

ग्रंथपालबाईंनी वर लिहून कळवले की, बिनसहीची चिठ्ठी आपण पुढे पाठवणार नाही. त्यांची बदली झाली. शेवटच्या दिवशी परिचारिका पुस्तक परत करायला आली.

"येत जा हो वाचायला," बाई माझ्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या.

"कशी येऊ? चिठ्ठी कुणी लिहिली ते कळलंच नाही. आता ज्याच्या शेजारी बसेन, तोच वाटतो."



मित्रांनो, मला मन नाही, नुसती फट आहे. कुणाची काळजी वाटली, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा. चिठ्ठी नंतरही लिहिता येते. आणि लिहिलीच, तर खाली आपले नाव लिहा.