आरसा धरायचं काम

दसरा झाला की माझे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि मी शेजारच्या भिवरामावशीकडं राहायची. गल्लीतली आणखी चार पोरंही तिथंच. मावशी जीव लावायची, पण लाड शून्य. पहिल्याच सकाळी मी फणी घेऊन तिच्यापुढं बसले, तर तिनं भिंतीवरचा आरसा काढून माझ्यासमोर धरला. "आरसा मी धरते. येणी तू घाल."

तीन दिवस माझी वेणी वाकडी. शाळेत पोरी हसल्या. मावशीनं वेणीला हात लावला नाही आणि आरसाही सोडला नाही. अजून कुठं चुलीत भाजलेल्या शेंगांचा वास आला की मला आईच्या आधी मावशी आठवते. हे आईला सांगू नका.

आता मी चाळिशीची. आमच्या गावातल्या बायकांच्या गटानं 'सोबत' नावाचं काम सुरू केलंय. तोडीच्या हंगामात मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडं दिवसातून दोनदा जायचं, औषधपाणी बघायचं आणि स्वतःच्या घरात त्यांचं त्यांना राहता यावं एवढाच हातभार लावायचा. पावसाळ्यात मावशी पडली, अंबाजोगाईला खुब्याचं ऑपरेशन झालं. ती परत आल्यावर हंगामाच्या आधीच तिच्या घरची पाळी मी हट्टानं मागून घेतली. मग काय, अंगात वारंच शिरलं माझ्या. भाकरी मी, धुणं मी, वेणी मी. डॉक्टरांनी वॉकर धरून रोज चालायला सांगितलं होतं, तेही मी पडशील म्हणून होऊ दिलं नाही. ती म्हणायची, मला करू दे. मी म्हणायची, तू गप बस. दोन महिन्यांत ती खरंच गप बसली. मला वाटलं, सुखात आहे.

तिच्या मुलाला, अभिमन्यूला, तोडीच्या टोळीबरोबर निघायला आठ दिवस होते. आईला उठून पाणीसुद्धा घेता येत नाही, हे त्यानं बघितलं आणि तिला अंबाजोगाईला बहिणीकडं, मंगलकडं ठेवायचं ठरवलं.  मावशीनं मला जवळ बोलावलं.

"लेकीचं घर चांगलं हाय, पर माझं न्हाई. सुनिता, मी तुला पांगळी केलं न्हवतं. तू मला कशापायी केलंस?"

 मी अभिमन्यूकडं जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, आठ दिवस दे. तो नाखुशीनंच हो म्हणाला. ते आठ दिवस वॉकर तिनं धरला, मी नुसती मागं चालले.

आठव्या दिवशी मावशीचं गाठोडं बांधून दारात ठेवलेलं होतं. ती वॉकर टेकत ओट्याशी गेली, स्टुलावर बसली आणि पीठ मळायला घेतलं. पहिली भाकरी फाटली. दुसरी करपली. मी दोन्ही हात पदराखाली दाबून धरले होते. तिसरी फुगली. अभिमन्यूनं ती करपलेलीच खाल्ली, गाठोडं सोडलं आणि तिची वाकळ परत बाजेवर टाकली. जाताना मला म्हणाला की दोनदा ये, पण तिचं काम हिसकावू नको.

टोळीची गाडी गेली. मावशीनं फणी घेतली.

"सुनिता, आरसा काढ."

मी धरला. तिचा अंबाडा वाकडा होत होता.

"हात हालतोय तुजा," ती म्हणाली.

हलतच होता. मला रडू आवरत नव्हतं, पण आरसा मी सोडला नाही.