वरचा मजला विकताना

ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर बस चालवली. दारुडे, फुकटे, भांडकुदळ अशा सगळ्यांना त्यांनी अर्ध्या रस्त्यात उतरवलं होतं. पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला ‘आता उतरा’ म्हणायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटली.

भाडेकरू म्हणजे ट्रम्पेट शिकवणारे मास्तर. माणूस गरीब गाय, पण शिष्य एकजात बेसूर.

गल्लीतल्या न्हाव्याने वरच्या खोल्या कधीच विकल्या होत्या, शिंपिणीनेही. नव्या नियमांमुळे भाड्याने घर देणं म्हणजे विकतची डोकेदुखी झाली होती. जिन्याचा कठडा बदलून झाला, धूर झाला की वाजणारा भोंगा बसवून झाला, तर नगरपालिकेचा तपासनीस खिडकीपाशी अडला. आग लागली तर यातून माणूस बाहेर कसा पडणार, असं त्याने विचारलं.

“मास्तर बारीक आहेत,” काका म्हणाले.

तपासनिसाने तेही लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी काकांनी वरचा मजला विकायचं ठरवलं.

ठरवलं खरं, पण सांगणार कोण? काका रोज आरशासमोर तालीम करायचे आणि जिन्यात मास्तर भेटले की हवापाण्यावर बोलून खाली यायचे. शेवटी काकूंनीच वर जाऊन सांगून टाकलं. मास्तर हादरतील, रडतील, कोर्टात जातील, अशा सगळ्या शक्यता धरून काका खाली पाणी पीत बसले होते. काकू पाच मिनिटांत परतल्या. मास्तर ‘बरं’ म्हणाले होते.

गिऱ्हाइकं येऊ लागली, तसे मास्तर स्वतःच घर दाखवू लागले. फरशी पुसून लख्ख, पडदे धुतलेले. ओल आलेल्या भिंतीसमोर ते स्वतः उभे राहायचे आणि ऊन किती छान येतं यावर बोलायचे. तिसऱ्याच जोडप्याने घर घेतलं.

काकांना आनंद व्हायचा सोडून राग आला. ते तरातरा वर गेले.

“एवढी कसली घाई झालीय तुम्हाला?”

मास्तर खाली बघत म्हणाले, “काका, मला बरीच वर्षं जायचं होतं. इथे पाणी चढत नाही. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

त्यांनी खाली येऊन काकूंना हे सांगितलं, तर काकू हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात आल्या. आपण याला काढायला घाबरतोय आणि हा इतकी वर्षं सुटायला घाबरतोय, असं त्यांचं म्हणणं. काका फुरंगटून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तरी सामान न्यायचा टेम्पो त्यांनीच चालवला. मास्तरांची नवी जागा कुठल्याशा कंपनीच्या उंच इमारतीत होती. मालक कोण, कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी खोके बाजूला ठेवले आणि आधी नळ सोडून बघितला. पाणी धो धो आलं. मग दारं हलवून पाहिली, भिंतींवर टिचक्या मारल्या. मोरीत फरशीचा उतार उलटा निघाला, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

“पाणी तुंबणार इथे,” ते समाधानाने म्हणाले. “आणि तक्रार करायला मालक नाही. मला फोन करू नका.”

मास्तरांनी मान डोलावली आणि पहिल्याच आठवड्यात फोन केला.