सिग्नलबाबाचे चार दिवे

दुसऱ्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं सोफ्यावर होती, सोफ्याच्या हातांवर होती, एक जण तर चपलांच्या कपाटावर चढून बसला होता. सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर खिळले होते: वहीएवढं काळं मोडेम. त्याच्या चार दिव्यांपैकी एकच जळत होता. समोर डोळे मिटून सिग्नलबाबा.

"डाउनलोड म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "वरून खाली येणारी कृपा. अपलोड म्हणजे खालून वर जाणारं गाऱ्हाणं. गाऱ्हाणंच अशुद्ध असेल तर कृपा येईल कुठून?"

"अगदी खरं," सेक्रेटरी कळवळून म्हणाले.

बाबांनी मोडेमचा प्लग काढला, खोक्यावरून हात फिरवला, प्लग पुन्हा लावला आणि मंत्र सुरू केला. पहिला दिवा लागला. दुसरा लुकलुकला, स्थिरावला. मग तिसरा. मंत्राच्या शेवटच्या ओळीला चौथाही लागला आणि टाळ्यांनी खोली दणाणली.

दारात उभी असलेली चौथ्या मजल्यावरची सून मनातल्या मनात मोजत होती. जवळजवळ तीन मिनिटं. मोडेमला सुरू व्हायला लागतात तेवढीच. लग्नाआधी पाच वर्षं ती एका केबल कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. "प्लग काढा, तीसपर्यंत मोजा, पुन्हा लावा" हे ती झोपेतही बोलली असती. बाबांचा मंत्र तिला पाठ होता, चाल तेवढी नवी होती.

महिन्यापूर्वी शेजारच्या आजींचं नेट गेलं, तेव्हा तिने मोडेममागचा सैल नट दोन बोटांनी आवळून दिला होता आणि लिफ्टमध्ये चारचौघांत म्हणाली होती, "एवढ्यासाठी बाबा कशाला हवेत?"

ते बाबांपर्यंत पोचलं. सेक्रेटरींच्या घरच्या टाळ्यांनंतर पुढच्याच बैठकीत त्यांच्या अंगात लहर आली.

"या इमारतीत एक नवं पाऊल आलंय! चौथ्या मजल्यावर! त्या पायगुणानं लहर तुटते!" सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "खोटं वाटतं? येत्या रविवारी दुपारी चारला ती घरात बसू दे. त्या घरचा चौथा दिवा विझेल. विझला, तर तिला माहेरी धाडा."

पायगुण. तो शब्द सासूबाईंनी उचलला आणि फोनवरून सगळ्या नातेवाइकांत फिरवला. जिन्यात बायका तिला वाट द्यायला लागल्या, मायेने नव्हे, अंतर राखून. नवरा म्हणाला, "आईच्या समाधानासाठी जा ना चार दिवस." त्या 'ना'ने तिच्या डोक्यात तिडीक गेली.

ती रडली नाही. नखांना लावायचा लाल रंग घेतला आणि तळमजल्यावर गेली. जिन्याखालच्या पत्र्याच्या कपाटात साऱ्या इमारतीच्या वायरी एकत्र येत होत्या. प्रत्येक वायरीला पितळी नट आणि घरक्रमांकाची कागदी चिठ्ठी. तिने प्रत्येक नटावरून त्याखालच्या पत्र्यापर्यंत एक बारीक लाल रेघ ओढली. नट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटणार.

दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचं नेट गेलं. कपाट उघडलं तर त्याच घराची रेघ तुटलेली, नट सैल होऊन लोंबत होता. वारा नट फिरवत नाही. पायगुण तर नाहीच नाही. आणि बाबा येता-जाता नेहमी एकटेच जिन्याने जात, 'जिना शुद्ध करायला': जाताना एखादा नट सैल करायचा, बोलावणं आलं की येताना आवळायचा.

सेक्रेटरींना सांगून तिला मोकळं होता आलं असतं. पण तिला मोकळं व्हायचं नव्हतं. ज्या माणसांसमोर बाबाने तिची अब्रू काढली, त्याच माणसांसमोर तिला तो उताणा पडलेला बघायचा होता. रविवारी सकाळी तिने कपाटातल्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. स्वतःच्या घराची आणि सेक्रेटरींच्या घराची.

चार वाजता चौथा मजला तुडुंब भरला. सासूबाईंनी बॅग दाराशी आणून ठेवली होती. बाबा जिना शुद्ध करून वर आले, डोळे मिटून बसले आणि थरथरू लागले.

"लहर तुटली... तुटली... चौथा दिवा विझला!"

सगळे मोडेमवर वाकले.

"विझला!" बाबा गरजले. "पायगुण! पाहा!"

"बघतोय, बाबा," आजी म्हणाल्या. "चारही चालू आहेत की हो."

बाबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन वाजला. पलीकडून त्यांची बायको ओरडत होती, ते सगळ्यांना ऐकू आलं: "अहो, आपलं नेट आत्ता गेलं!"

"तुमच्याकडेही नवी सून आली का हो?" सुनेने गोड आवाजात विचारलं.

मग तिने सगळ्यांना तळमजल्यावर नेलं, कपाट उघडलं, तुटलेली रेघ दाखवली आणि चिठ्ठ्यांचं सांगितलं. "ते माझा नट सैल करायला आले होते. केला सेक्रेटरींचा. वर बसून पुकारला माझा. ज्याला सगळं दिसतं त्याला चिठ्ठी बदललेली दिसली नाही?"

बाबा दाराकडे सरकले. आजींनी काठी आडवी धरली.

"केबलचं काम किती वर्षं केलंत?" सुनेने विचारलं.

"सात," बाबा पुटपुटले.

"मग हे तुम्हाला नवं नाही. नट आवळा. आणि ज्या ज्या घरी मंत्र म्हटलात, त्या दारात उभं राहून सांगा, 'तुमची वायर मीच सैल केली होती.' मी बरोबर येते."

"ताई, माफ करा. एकदाच सेक्रेटरीसाहेबांना सांगतो..."

"एकेका दारात."

अकरा दारं झाली. प्रत्येक दारात तिने वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला लावलं, आवाज खाली गेला की म्हणाली, "पुन्हा. ऐकू आलं नाही." शेवटच्या दारात सेक्रेटरी पोलिसांना घेऊन उभे होते.

घरी सासूबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "चुकलं गं माझं."

"मला नका सांगू, आई. ज्यांना ज्यांना फोन करून पायगुण म्हणालात, त्यांना फोन करा. मी बसते इथे."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे, मग मुलाकडे पाहिलं. कोणी सोडवायला येईना. त्यांनी पहिला नंबर लावला.

यंत्र बिघडतं, त्याला कारण असतं, आणि ते कारण हाताने तपासता येतं. नट सैल आहे का पाहा, वायर कुठवर जाते ते पाहा, प्लग काढून तीसपर्यंत मोजा. एवढं करायला कोणाच्या अंगात यावं लागत नाही. आणि जो माणूस वायर तपासायच्या आधी घरातल्या बाईकडे बोट दाखवतो, त्याचे हात आधी तपासा.